तेरा नंबरचा पाना

दसऱ्याच्या सकाळी पावणेनऊला रंजिताचा फोन आला. जयमालाबाई गुडघ्यांना तेल लावून नुकत्याच खुर्चीत टेकल्या होत्या.

"मावशी, लगेच ये. दादाच्या गाडीचे कार्बोरेटर गेले."

"गेले म्हणजे?"

"चोरीला गेले. दोन्ही. पप्पांनी शिवाकाकांना अंगणात बसवून ठेवलंय. बाराला चौकीत नेणार म्हणतात. ये ना, तुझं ऐकतात ते."

"तुझे पप्पा कुणाचं ऐकतात गं?" असं म्हणत त्या उठल्याच. उठणं भागच होतं. शिवाला त्या घरात त्यांनीच पाठवलं होतं.

तुर्भ्याच्या एका कारखान्यात जयमालाबाईंनी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. नट, बोल्ट, बेअरिंग, पट्टे. जे मागाल ते मोजून द्यायचं, परत आलं की मोजून घ्यायचं. शिवा तिथेच फिटर होता. कारखान्याला टाळं लागल्यावर त्याने रस्त्याच्या कडेला पत्र्याचं गॅरेज टाकलं. दोन वर्षांपूर्वी सारसोळ्याच्या गोटीरामशेठच्या मुलाने, रंजिताच्या दादाने, हितेशने, एक गंजलेली जुनी स्पोर्ट्स कार उचलून आणली आणि घरीच बांधायला काढली, तेव्हा जयमालाबाई म्हणाल्या होत्या, "शिवाला घे. माणूस सरळ आहे. माझी हमी."

सत्तरी जवळ आल्यावर माणसाने कुणाची हमी देऊ नये, असं त्यांना रिक्षात बसताना वाटलं.

जुईनगरहून सारसोळं काही लांब नाही. चौऱ्याऐंशी साली त्या गोटीरामशेठच्या मागच्या खोलीत भाडेकरू म्हणून आल्या, तेव्हा खाडीच्या बांधावरून चपला हातात घेऊन चालावं लागे. शेठची बायको गोजरावहिनी ओल्या बोंबलांची पाटी उतरवून आधी त्यांना चहा द्यायची. आता तो बांध कुठे होता, हे त्यांना स्वतःलाच नीट सांगता आलं नसतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

घरापुढे मांडव होता. खुर्च्या मांडलेल्या, निम्म्या भरलेल्या. अकराच्या मुहूर्तावर गाडी पहिल्यांदा चालू व्हायची होती आणि गोटीरामशेठनी सगळी आळी बोलावली होती. तुळशीजवळ एका खुर्चीत शिवा बसला होता. चोपन्न वर्षांचा माणूस, हात दोन गुडघ्यांमध्ये धरून, मान खाली घालून.

"बाई," तो उठत म्हणाला.

"बस. चहा घेतलास?"

"कोण देणार चहा?"

कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले गोटीरामशेठ पुढे आले. "जयाबाय, तुमचा मानूस बगा. दोन वरसं माज्या घरचं पानी प्याला न काल हात मारला."

"पाहिलंत तुम्ही?"

"बगायला कशाला पायजे? कार्बोरेटर असं सोडवलंय, नट परत जागेवर लावून ठेवलंत. मिस्त्रीशिवाय कोनाला येतं? न काल निम्म्या आरतीतून उठून गेला तो. बारा वाजता चौकीत. माजं ठरलंय."

"एकदा चौकीत नाव गेलं की माझ्याकडे कोण गाडी टाकेल, बाई?" शिवा हळूच म्हणाला. "या वयात कुठं जाऊन उभा राहू?"

घड्याळात साडेनऊ झाले होते.

"मला गाडी बघू द्या," जयमालाबाई म्हणाल्या. "बारापर्यंत वेळ आहे ना?"

गाडी पडवीत होती. दोन दारांची, बुटकी, वर कापडी टप. आली तेव्हा तिच्या तळातून जमीन दिसायची आणि सीटमध्ये उंदरांची बाळंतपणं झाली होती. आता ती डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल झाली होती. हितेशने पत्रा ठोकला, रंग दिला. शिवाने त्याला इंजिन शिकवलं.

बॉनेटवर गोजरावहिनीने कुंकवाचं ओलं स्वस्तिक काढलं होतं. त्याचा खालचा एक कोपरा पुसलेला होता.

"तो बग," मागून आलेली गोजरावहिनी म्हणाली. "काल मी चांगला काडला होता. कोनाचा हात लागला कोन जाने. अपशकुनच झाला."

जयमालाबाईंनी बॉनेट उघडायला लावलं. इंजिनाच्या वर, जिथे कार्बोरेटर बसायचे, तिथे दोन तोंडं होती. दोन्हींत कापडाचे बोळे नीट दाबून बसवले होते. मऊ, विटलेलं कापड, कडेला निळा काठ. प्रत्येक तोंडाभोवती चार स्टड, म्हणजे आटे पाडलेले उभे दांडे, आणि प्रत्येक स्टडवर नट, हाताने फिरवून परत बसवलेला.

त्यांनी एकेक नट बोटांनी सोडवून तळहातावर घेतला. नटाखालची पातळ चकती, जिला मिस्त्री लोक वायसर म्हणतात, तीही घेतली. सवयच ती. मोजलं. नट आठ. वायसर सात.

"शिवा, वायसर किती दिले होतेस?"

"आठ. नवे कोरे. का?"

"सहज."

त्या भिंतीकडे वळल्या. तिथे पाटावर लाल कापड, त्यावर हत्यारांची पूजा. काल खंडेनवमी. पाने, पकडी, हातोडी, सगळं ओळीने मांडलेलं. दोन ओळी होत्या: एक हितेशच्या चकचकीत पान्यांची, दुसरी शिवाच्या झिजलेल्या. शिवाच्या प्रत्येक पान्यावर छिन्नीने 'शि' कोरलेलं होतं. कारखान्यातली जुनी खोड, हत्यार दुसऱ्याच्या खिशात जाऊ नये म्हणून. प्रत्येक पान्यावर हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक, वर चार अक्षता.

शिवाचा तेरा नंबरचा पाना: हळद, कुंकू, अक्षता.

हितेशचा तेरा नंबरचा पाना: नुसतं कुंकू.

जयमालाबाई स्टुलावर बसल्या. गुडघा ठणकत होता. ही सगळी माणसं त्यांच्या डोळ्यांसमोर मोठी झालेली किंवा म्हातारी झालेली. यातल्या एकाला आज खाली बघावं लागणार होतं. त्यांना घरी जाऊन झोपावंसं वाटलं.

"वहिनी, पूजा कधी केलीत?"

"चारला. शिवानं गॅरेज बंद करून सगली हत्यारं इकडं आनली. सोताच्या हातानं हलद-कुकू लावलं. मंग ताट उचललं न आमी सगली देवीच्या मांडवात गेलो. आरतीला ताट लागतं ना."

"हळद-कुंकवाचे करंडे ताटातच होते?"

"मंग कुठं ठेवीन? आठाला परत आलो."

"या घरात दुसरा तेरा नंबरचा पाना आहे?"

"न्हाई," उत्तर शिवाने दिलं. "दोनच. दोन्ही पाटावर. दसरा सरल्याशिवाय हात लावत नसतात, बाई. लावला तर वर्षभर हत्यार हातात टिकत नाही."

"काल आरतीतून का उठलास?"

"दमलो होतो. घरी जाऊन झोपलो. साक्षीला उशी आहे फक्त."

मांडवातून रंजिता आली. तिच्यामागे शौनक, हितेशचा मित्र, हातात गाडीसाठी आणलेला भला मोठा हार. त्याला जुन्या गाड्यांचं वेड. ही गाडी त्याने दोनदा विकत मागितली होती.

"तू काल संध्याकाळी कुठे होतास रे?" जयमालाबाईंनी विचारलं.

"काकू, मी चोर वाटतो का? मला ही गाडी अख्खी पाहिजे, तुकड्यात नाही. आणि हे कार्बोरेटर घेऊन करणार काय? इथल्या एकाही गाडीला बसणार नाहीत. भंगारवालासुद्धा विचारेल, हे कशाचं?"

"शिवाला हे माहीत आहे?"

"त्यांनीच मला सांगितलंय."

"आणि तू गं?"

"मी गरब्यात होते," रंजिता म्हणाली. "दोनशे मोबाईलमध्ये पुरावा आहे. दोन वर्षं माझी स्कूटी रस्त्यावर भिजतेय, मावशी. मी केलं असतं ना, तर कार्बोरेटर नसते काढले. अख्खी गाडी खाडीत ढकलली असती."

शौनक हसला. हितेश हसला नाही. तो खांबाला टेकून उभा होता. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. चौतिशीचा पोरगा आज पन्नाशीचा दिसत होता.

"हितेश, कार्बोरेटर कुणी बसवले होते?"

"मीच. परवा, अष्टमीला."

"शिवा नव्हता?"

"होते. मी म्हटलं, तुमी जा."

"'आता मला येतं, काका,' म्हणाला," शिवाने सांगितलं. "मी म्हटलं, लई चांगलं. शिकवलं कशासाठी मग?"

"काल आरतीला होतास?"

"होतो ना. मागे. गर्दीत."

"शिवाने चोरी केली असं तुला वाटतं?"

"मी कुठे असं म्हणालो?"

"नाही केली, असं तरी म्हणालास का?"

हितेश मांडवातल्या खुर्च्यांकडे बघू लागला.

जयमालाबाईंनी कापडाचा एक बोळा गोजरावहिनीपुढे धरला. "हा काठ ओळखीचा आहे?"

"अगो, माजं लुगडं! कपाटात तलाशी ठेवलेलं." ती आत गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. "नाय तिथं. बाकीचं पन नाय."

"भाऊ," जयमालाबाई गोटीरामशेठना म्हणाल्या, "पाहुण्यांना चहा द्यायला सांगा आणि घरची माणसं इकडे घ्या. शिवा, तूही ये."

सगळे पडवीत जमले. शिवा पायरीपाशी थांबला.

"चोर असता," त्या म्हणाल्या, "तर नट जमिनीवर पडले असते. ज्याला पळायचंय तो आठ नट हाताने फिरवून जागेवर लावत बसत नाही. आपले कार्बोरेटर पुन्हा इथेच बसणार आहेत, नट हरवायला नकोत, एवढी काळजी ज्याला होती त्याने हे काढले."

"तेच तर मी सांगतो," गोटीरामशेठ म्हणाले. "मिस्त्री."

"मिस्त्री, किंवा मिस्त्रीने शिकवलेला माणूस. आता हे बोळे. इंजिनात धूळ जाऊ नये, काही पडू नये, म्हणून लावलेले. कापड तुमच्या आतल्या खोलीतलं, कपाटाच्या तळाचं. भाऊ, दोन वर्षांत शिवा ही पायरी ओलांडून किती वेळा आत आला?"

गोटीरामशेठनी खाकरून घसा साफ केला. "नाय आला कवा."

"बोलावलंत कधी?"

ते पायरीकडे बघू लागले.

"म्हणजे कापड घरातल्या माणसाने आणलं. आता पाना. तेरा नंबरशिवाय हे नट निघत नाहीत आणि दोन्ही तेरा नंबर पूजेत होते. शिवाला काढायचे असते तर त्याचा हात आपसूक स्वतःच्या पान्याकडे गेला असता. बावीस वर्षं तो मूठ ओळखतो. पण त्याच्या पान्यावर हळद, कुंकू, अक्षता जशाच्या तशा आहेत. हितेशच्या पान्यावर नुसतं कुंकू आहे. कुणीतरी तो पाटावरून उचलला, वापरला, ग्रीस लागलं म्हणून पुसला. तेव्हा हळदही गेली, कुंकूही गेलं. ठेवताना त्याच्या मनाला लागलं की पूजेचं हत्यार कोरडं कसं ठेवायचं? पण करंडे तर वहिनींच्या ताटात, देवीच्या मांडवात."

रंजिताने बॉनेटकडे पाहिलं. "स्वस्तिक!"

"हो. तिथलं ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि पान्याला लावलं. बॉनेटवर हळद नव्हती, म्हणून पान्यावर हळद नाही. चोर अशी माफी मागायला थांबत नाही गं. हे आपल्याच घरातल्या, हत्याराला देव मानणाऱ्या माणसाचं काम."

गोजरावहिनीने पदर तोंडावर धरला.

"पन का?" गोटीरामशेठचा आवाज उतरला होता. "घरच्या मानसाला चोरायचं काय कारन?"

जयमालाबाईंनी मूठ उघडली. "हे मोजा."

गोटीरामशेठनी बोटाने ढकलत मोजलं. "नट आठ. वायसर... सात."

"एक कुठे गेला, तेवढंच मला कळायचं होतं. ते कळलं की सगळं कळलं." त्या वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही. चढवायची ताकदच नव्हती. "वायसर कुठंय, हितेश?"

हितेश खांबावरून घसरत खाली बसला.

"आत," तो म्हणाला. "इंजिनात."

शिवा पायरी चढून पडवीत आला.

"परवा बसवताना एक कमी पडला," हितेश जमिनीकडे बघत बोलत होता. "वाटलं, घरंगळला असेल खाली. शोधला, नाय मिळाला. तो नट तसाच आवळला. काल सगळे आरतीला गेले आणि मी एकटाच मागे राहिलो. म्हटलं, उद्या चालू करायचीय, इंजिन एकदा हाताने फिरवून बघू. फिरवलं आणि आतून खट् आवाज आला. काका, मला तेव्हाच कळलं. कार्बोरेटर काढून बॅटरी मारली आत, काही दिसलं नाय."

"चालू केलं असतंस तर पिस्टन गेला असता," शिवा म्हणाला.

"माहितीय. तुमीच शिकवलंय."

"मंग सांगायचं ना, गाडी तयार नाय!" गोटीरामशेठ ओरडले. "त्यात काय मोठं?"

"तुमी सगळी आळी बोलावली होती, पप्पा. आणि काकांना मी म्हटलेलं, तुमी जा, मला येतं. एक वायसर नाय सांभाळता आला मला. गाडी चालू नाय झाली तर लोक मला हसणार. चोरी झाली म्हटल्यावर कोणी हसत नाय."

"आणि मला इथं बसवला तेव्हा?" शिवाने विचारलं.

हितेशने गुडघे जवळ ओढले. "वाटलेलं, पप्पा चार शिव्या देतील चोराला आणि सोडून देतील. तुमचं नाव घेतील असं नव्हतं वाटलं. घेतलं तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पहिली पाच मिनिटं नाय बोललो. मग जेवढा वेळ गेला, तेवढं जड झालं."

"जा," जयमालाबाई म्हणाल्या. "घेऊन ये."

तो वरच्या खोलीत गेला आणि गाठोडं घेऊन खाली आला. निळ्या काठाच्या लुगड्याचा उरलेला भाग. त्यात दोन्ही कार्बोरेटर, तान्ह्या बाळासारखे गुंडाळलेले, पेट्रोलच्या वासासकट. त्याने ते पाटाजवळ ठेवले आणि शिवाच्या पायाशी वाकला.

शिवा एक पाऊल मागे सरला.

"पाया नको पडू. दोन वर्षं तुला एकच गोष्ट शिकवत होतो. चूक झाली की हात वर करायचा, स्टोअरमधून दुसरा वायसर मिळतो. विचार बाईंना. मी किती वेळा हात वर केलाय."

"पुष्कळ वेळा," जयमालाबाई म्हणाल्या.

शिवा पाटापाशी गेला आणि आपले पाने गोळा करायला वाकला.

"भावा, पूजा उठली नाय अजून," गोजरावहिनी रडत म्हणाली. "आज नको उचलू रे."

त्याचा हात थांबला. तो तसाच वाकून राहिला, मग कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाला.

"बरं. उद्या न्यायला येतो, साडेआठला. आलोच आहे तर इंजिनाचं हेड खोलून तो वायसरही काढू. खोलणार तू, हितेश. मी खुर्चीत बसणार. एकाही नटाला हात लावणार नाही."

"हो, काका."

"आणि सुटलेली प्रत्येक वस्तू मोजून ठेवायची."

हितेशने मान हलवली.

तेवढ्यात गोटीरामशेठ देवघरातून बाहेर आले. आयुष्यात त्यांनी कुणाला आधी सोनं दिलं नव्हतं. लोक त्यांच्याकडे यायचे, वाकायचे, द्यायचे. आज ते आपट्याचं पान घेऊन शिवासमोर उभे राहिले. मांडवातली माणसं माना वळवून बघत होती.

"शिवा, सोनं घे. झालं गेलं इसरून जा."

शिवाने त्या पानाकडे पाहिलं. रागाने नाही, खूप चालून आलेला माणूस पुढचा चढ बघतो, तसं.

"पुढच्या दसऱ्याला घेईन, शेठ," तो म्हणाला. "आज हात वर येत नाही."

जयमालाबाईंनी पिशवी उचलली आणि त्याच्याबरोबर निघाल्या. दोघं मांडवातून, खुर्च्यांच्या मधून, कुणाशी न बोलता रस्त्याला लागले.

मागे गोटीरामशेठ पान धरलेला हात पुढे करून तसेच उभे होते. तो मागे कसा घ्यायचा, हे त्यांना कुणी कधी शिकवलं नव्हतं.